रंगपटात घडलेली कुलस्त्री

१८४३ साली सांगली संस्थानात, चिंतामणराव उर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटक उभे केले. तेव्हापासून १९३३ साली मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर येईपर्यंत जी नव्वद वर्षे लोटली, त्यांत मराठी प्रेक्षकाने नाटकगृहात पाहिलेली सीता, शकुंतला, सुभद्रा, शारदा, रुक्मिणी आणि सिंधू ही, काही अपवाद वगळल्यास, पुरुषाच्या पावलांनी चालली, पुरुषाच्या कंठाने गायली आणि पुरुषाच्याच डोळ्यांनी रडली. ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्वश्रुत आहे की तिच्याविषयी कौतुकापलीकडे काही विचारावे असे सहसा कोणास वाटत नाही. शालूंची किंमत, अत्तरांचा घमघमाट आणि 'वन्समोअर'ची संख्या सांगून झाली म्हणजे विषय आटोपतो. परंतु स्त्रीत्व हे देहाबरोबर जन्मास येत नसून समाज ते घडवीत असतो, हा जो सिद्धांत समाजशास्त्राने गेल्या शतकात मांडला, त्याचा मराठी मुलखातील पुरावा ज्यास पाहावयाचा असेल, त्याने प्रथम जुन्या नाटक मंडळ्यांच्या रंगपटात शिरावे असे माझे मत आहे. घराघरांतून आजीच्या दटावणीने व आईच्या नजरेने जे काम वर्षानुवर्षे नकळत चालते, तेच काम तेथे तालीममास्तरांच्या देखरेखीखाली उघडपणे, ठरलेल्या मुदतीत चालत असे, आणि त्याचा खर्च मंडळीच्या कीर्दीत पडत असे.

या सिद्धांताची वंशावळ येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. मार्गारेट मीड या अमेरिकन विदुषीने १९३५ साली न्यू गिनीतील तीन जमातींचे वर्णन प्रसिद्ध करून असे दाखविण्याचा प्रयत्न केला की ज्या मार्दवास आपण स्त्रीस्वभाव म्हणतो ते एका जमातीत स्त्रीपुरुष दोघांच्याही ठायी असते, दुसरीत दोघांच्याही ठायी नसते, आणि तिसरीत वाटणी आपल्या समजुतीच्या नेमकी उलट असते. तिच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ आक्षेप आले, परंतु तिने विचारलेला प्रश्न मात्र कोणास परतवता आला नाही. १९४९ साली सिमोन द बोव्हार यांनी त्याच प्रश्नास तत्त्वज्ञानाची बैठक दिली, आणि १९७२ साली ॲन ओकली यांनी लिंग व लिंगभाव यांची फारकत करून तो समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात कायमचा दाखल केला. मधल्या काळात अर्व्हिंग गॉफमन यांनी माणसाचे नित्याचे वर्तन समजून घेण्यासाठी सगळी परिभाषाच नाटकगृहातून उसनी घेतली होती. मराठी रंगभूमीचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास या उसनवारीचे फारसे नवल वाटणार नाही.

पुरुषांनी स्त्रियांची सोंगे का घेतली, या प्रश्नाचे जे उत्तर सर्रास दिले जाते, ते म्हणजे त्या काळी रंगभूमीवर येण्यास स्त्रिया मिळत नसत. हे उत्तर अर्धेच खरे आहे. गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि अभिनय जाणणाऱ्या स्त्रियांची महाराष्ट्रात व गोमंतकात कधीच वाण नव्हती. देवळांच्या सेवेत कलावंतिणी होत्या, शहरांतून नायकिणींच्या बैठका होत्या, आणि तमाशात, जेथे पेशवाईच्या काळी नाच्या पोऱ्याच स्त्रीवेष घेत असे, तेथे पुढे प्रत्यक्ष स्त्रिया नाचू लागल्या होत्या. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळाबाईंचे नाव तर महाराष्ट्रभर झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्याही निघाल्या होत्या, आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. सारांश, स्त्रिया होत्या; परंतु त्या ज्या जातीच्या व ज्या वहिवाटीच्या होत्या, त्यांच्या मुखाने सीतेचे वा सुभद्रेचे भाषण ऐकणे पांढरपेशा प्रेक्षकास रुचणारे नव्हते, आणि ज्या घरच्या स्त्रीच्या मुखाने ते त्यास रुचले असते, तिला चारचौघांपुढे उभे राहण्याची मुभा नव्हती. या पेचातून निघालेला तोडगा असा की ब्राह्मणाच्या किंवा मराठ्याच्या मुलाने लुगडे नेसावे. देहाने स्त्री असलेली नायकीण कुलस्त्री म्हणून खपत नव्हती, आणि देहाने पुरुष असलेला मुलगा खपत होता. म्हणजे कुलस्त्री होण्यास स्त्रीचा देह पुरेसा नव्हता आणि आवश्यकही नव्हता, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून त्या प्रेक्षकांनी तिकीट काढून मान्य केली होती.

भावे यांस ही कल्पना नव्याने सुचली असे मात्र नव्हे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, त्यांत पुरुषच स्त्रीवेष घेत होते, आणि कोकणातल्या दशावतारात तो शिरस्ता जुनाच होता. जगात अन्यत्रही हे घडले आहे. जपानात १६२९ साली सरकारी हुकुमाने काबुकीतून स्त्रियांना काढले गेले व त्यांच्या जागी पुरुष आले, तर इंग्लंडात १६६० नंतर उलट पुरुषांच्या जागी स्त्रिया आल्या. भावे यांच्या नाटकांत स्त्रीभूमिकेस फारसे बोलावयाचे नसे, सूत्रधाराच्या पदांतून कथा पुढे सरके, आणि त्यामुळे वेष केला म्हणजे स्त्री झाली, इतकाच हिशेब होता. खरा बदल घडला तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाती. १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आले. पुराणातील सुभद्रा आता पुण्याच्या वाड्यातल्या लेकीसारखी रुसू लागली, भावाच्या धाकात राहू लागली, वहिनीशी मनातले बोलू लागली, आणि हे सारे पदांतून गाऊ लागली. अशा स्त्रीस नुसते लुगडे पुरेना. तिला बसण्याची, उठण्याची, मान वळविण्याची, रागावताना आवाज न चढविण्याची एक रीत हवी होती. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी ही रीत प्रथम बसविली, आणि त्यांची सुभद्रा हा पुढील स्त्रीपार्टी नटांचा कित्ता झाला.

१८८२ हे साल येथे थोडा वेळ रोखून धरण्यासारखे आहे. याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाई आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात सुशिक्षित गृहिणीने कसे वागावे याचा उपदेश आहे. आणि याच वर्षी, पुण्यातच छापून, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे परंतु जळजळीत पुस्तक बाहेर पडले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील खटल्याने पेटून उठलेल्या या बाईने असा सवाल टाकला की जे दुर्गुण म्हणून स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय. आणि इतक्यावर न थांबता पतिव्रतेच्या पौराणिक आदर्शाची व तत्कालीन कादंबऱ्या-नाटकांतील स्त्रीचित्रांचीही तिने झाडाझडती घेतली. म्हणजे एकाच शहरात एकाच वर्षी एक स्त्री आदर्श गृहिणीचे नियम लिहीत होती, दुसरी त्या आदर्शाचे बिंग फोडीत होती, आणि नाटकगृहात एक मंडळी तो आदर्श गाऊन दाखविण्याच्या तयारीत होती. या तिघांपैकी गर्दी कोठे झाली हे सांगावयास नको. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण पुस्तक पुढे विस्मृतीत गेले, आणि सुभद्रेची पदे मात्र घरोघर पोहोचली.

स्त्रीपार्ट हा धंदा होता, आणि इतर धंद्यांप्रमाणेच त्याचे उमेदवारीचे, उत्कर्षाचे व उताराचे वय ठरलेले असे. दहाबारा वर्षांचा, गोड गळ्याचा, नाकीडोळी नीटस मुलगा कोठे कीर्तनात वा भजनात दिसला की मंडळीचे मालक त्याच्या बापाशी बोलणे लावीत. मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात दाखल होई, आणि तेथपासून त्याचे जेवण, गाणे व चालणे ही तिन्ही मंडळीच्या ताब्यात जात. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीममास्तर लाभला तर मुलाचे भाग्य. पण तालीम म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पदर सावरताना कोपर किती वर यावे, पायरी उतरताना निऱ्या कोणत्या हाताने उचलाव्यात, वडीलधाऱ्यासमोर नजर कोठे ठेवावी, पती रागावला असता पाठ किती वळवावी आणि हुंदका पदाच्या कोणत्या ओळीनंतर यावा, ही एकेक गोष्ट वेगळी काढून घटवून घेतली जाई. या सगळ्या कष्टांवर आवाज फुटण्याची टांगती तलवार असे. एका मोसमात जो शारदा म्हणून गाजला तो दुसऱ्या मोसमात निरुपयोगी ठरू शके, आणि मग त्याच्या वाट्यास लहानसहान पुरुषपार्ट किंवा घरचा रस्ता येई. विष्णुपंत पागनीसांसारखे थोडे लोक दुसरी वाट काढू शकले. स्त्रीभूमिकांत नावारूपास आलेला हा नट १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' बोलपटात तुकोबा होऊन असा काही स्थिरावला की त्याचा पूर्वीचा शालू लोक विसरून गेले.

शारदेचा उल्लेख आला तेव्हा एक विसंगती नोंदवून पुढे जाणे बरे. देवलांचे 'शारदा' १८९९ चे. संमतिवयाचा कायदा त्यापूर्वी आठ वर्षे, १८९१ साली झाला होता, आणि म्हाताऱ्या नवऱ्यास विकल्या जाणाऱ्या मुलीची दैन्यावस्था या नाटकाने जितक्या लोकांपर्यंत नेली तितक्यांपर्यंत कोणत्याही सुधारकाचे व्याख्यान पोहोचले नसेल. परंतु त्या मुलीची व्यथा लिहिणारा पुरुष, शिकविणारा पुरुष आणि गाणारा केशवराव भोसले यांच्यासारखा कोवळा मुलगा. स्त्रीच्या दुःखाची कैफियत मांडली गेली खरी. पण फिर्यादीस न्यायासनासमोर येऊ न देता तिच्या वतीने वकिलांनीच सगळी जबानी दिली.

यानंतर येतात बालगंधर्व, आणि तेथे थांबणे भाग आहे. नारायण श्रीपाद राजहंस हे १८८८ साली जन्मले, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ सालच्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणीने त्यांना अशा स्थानी नेले की त्यांच्या आधी वा नंतर मराठी नटास तसे स्थान मिळाले नाही. त्यांच्या गायनाविषयी लिहिण्याचा अधिकार मजजवळ नाही. येथे प्रस्तुत आहे ती दुसरीच गोष्ट: बालगंधर्व ज्या रीतीने साडी नेसत, अंबाडा बांधीत, त्यात फुले माळीत आणि दागिने मोजकेच घालीत, ती रीत पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी उचलली. नाटकगृहात स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे, आणि तेथून त्या जे पाहत ते दुसऱ्या दिवशी आरशासमोर करून पाहत. नटाने कुलीन घरांतील स्त्रियांचे निरीक्षण करावे, त्यातून निवड करावी, आणि ती निवड शुद्ध व सुबक करून पुन्हा त्याच घरांकडे पाठवावी, असे हे चक्र होते. आता या निवडीत काय राहिले आणि काय गाळले गेले हे पाहा. राहिला तो लाजरा कटाक्ष, रुसवा, आर्जव, हळुवार स्वर. गळून पडला तो चुलीपुढचा घाम, बाळंतपणाने खचलेला देह, वैतागाने चढलेला आवाज, आणि सासूशी केलेले दोन हात. रंगभूमीवरची स्त्री संसार करीत असूनही श्रमाविना होती, कारण ती ज्याने घडविली त्याच्या घरी ते श्रम दुसरे कोणी करीत होते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. प्रयोग त्यांनी रद्द होऊ दिला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले आणि नाटकास अपूर्व यश आले. ही हकिकत नटाच्या निष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि तो दाखला खोटा नाही. तरीही तिच्यात आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे त्या मुलीची आई, लक्ष्मीबाई. जिचा नवरा त्या रात्री हजारभर लोकांपुढे श्रीमंताची मानिनी कन्या झाला होता, आणि जिच्या मातृत्वास रंगभूमीच्या त्या सगळ्या वैभवात कोठेही जागा नव्हती. चरित्रकारांनी तिच्याकडे पाहिले ते ओझरतेच.

'एकच प्याला' १९१९ च्या फेब्रुवारीत, राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर अवघ्या महिन्याभरात, रंगभूमीवर आले. शालूंसाठी ख्याती पावलेल्या नटाने सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे नेसले, आणि मारझोड, उपासमार व अपत्याचा मृत्यू सोसूनही दारुड्या पतीच्या पायांवरची नजर न हलविणाऱ्या त्या स्त्रीसाठी महाराष्ट्र ढसाढसा रडला. गडकऱ्यांनी नाटक लिहिले ते दारूविरुद्ध. परंतु प्रेक्षक घरी घेऊन गेला ती सिंधूची सहनशीलता, असे मला वाटते. सदतीस वर्षांपूर्वी ताराबाईंनी जिची खिल्ली उडविली होती तीच पतिव्रता आता ठिगळांच्या लुगड्यात अधिक सुंदर होऊन परत आली, आणि तिच्यापुढे युक्तिवाद चालेना. योगायोग असा की त्याच १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. गेडीस यांचे चित्त नगररचनेत, त्यांच्यानंतर आलेल्या घुर्ये यांचे प्रामुख्याने जातिसंस्थेत. नाटकगृहात रोज रात्री जे घडत होते त्याकडे वळण्यास या शास्त्रास पुढे कित्येक दशके लागली.

चित्रपटात हा व्यवहार फार लवकर उघडा पडला, कारण कॅमेरा जवळून पाहतो. दादासाहेब फाळके यांस १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'साठी तारामती मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे साळुंके नावाचे गृहस्थ तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहना'त तर तेच राम आणि तेच सीता, असा एकपात्री संसार त्यांनी केला. फाळके यांनी १९१३ सालीच 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांना आणले, पण त्यांची वाट धरून कुलीन घरांतून कोणी आले नाही. १९३२ साली प्रभातने हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली, तेव्हा तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, आणि चांगल्या घरची, शिकलेली स्त्री पडद्यावर आली म्हणून केवढा गवगवा झाला. एका राणीची दोन रूपे, मध्ये एकोणीस वर्षे.

दुसऱ्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. तत्पूर्वी १९२९ साली हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची मंडळी काढून भावंडांसह संगीत नाटके केली होती. आणि हिराबाई पेडणेकर या कलावंत समाजातील लेखिकेचे 'दामिनी' नाटक १९१२ च्या सुमारास ललितकलादर्श मंडळीने केले तेव्हा स्त्रीने लिहिलेल्या नायिकेच्या अंगातही पुरुषच शिरला होता. आता स्त्रिया आल्या. परंतु त्या ज्या मापाच्या चौकटीत आल्या ते माप आधीच घेतलेले होते. बडोदेकरांच्या बैठकीचे कौतुक झाले ते त्यांच्या सुरांइतकेच त्यांच्या शालीन, हातवारे न करणाऱ्या बसण्याबद्दल. नायकिणीच्या परंपरेचे नाते असलेल्या गायिकेस प्रतिष्ठा मिळावयाची तर तिने गृहिणीसारखे दिसले पाहिजे, अशी ही अलिखित अट होती. आणि १९३८ साली बालगंधर्वांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या, त्या बालगंधर्वांची गायकी गळ्यात घेऊनच. ज्या पुरुषाने स्त्रियांचे अनुकरण करून आपली कला घडविली, त्याचे अनुकरण करून एक स्त्री त्याच्या नायिकांची वारस झाली. येथे मूळ कोणते आणि नक्कल कोणती हा प्रश्नच निरर्थक होऊन बसतो, आणि १९९० साली ज्युडिथ बटलर यांनी ज्या कल्पनेवर मोठे वादळ उठविले ती यापेक्षा फारशी निराळी नाही.

तरी हे सगळे घडविलेले होते असे म्हणताना ते लटके होते असे म्हटल्यासारखे होऊ नये. समाजाने रचलेली गोष्ट घराच्या भिंतीइतकी कठीण असते, आणि ती कोणासाठी छप्पर होते व कोणासाठी कुंपण, हे तिच्या आतबाहेर कोण आहे यावर ठरते. नाटकगृहातल्या कुलस्त्रीची किंमत वाढली ती तमाशाच्या कनातीतील स्त्रीच्या तुलनेने. एकीने जे करावयाचे नाही ते दुसरीने करावे, अशी वाटणीच होती. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी करणाऱ्या स्त्रियांवर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यात या वाटणीमागील जातीचा हिशेब पुढे आला. आणि त्याच सुमारास, १९९४ साली, किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाने त्या कनातीच्या मागचे घर वाचकांपुढे उघडले. कोल्हाटी समाजातील जुनी वहिवाट अशी की नाचणाऱ्या मुलीने लग्न करावयाचे नाही. एखाद्या पैसेवाल्याने तिचा चिरा उतरविला म्हणजे तिचे आयुष्य ठरले, आणि तिच्या मिळकतीवर आईबाप, भाऊ व भावांची मुले जगली. भावाची बायको मात्र लग्नाची असते, तिने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि तिला कधी नाचावयास पाठवीत नाहीत.